भाऊबीजेचं वेळापत्रक

आमच्या कामातला वर्षाचा सगळ्यात जड आठवडा म्हणजे दिवाळीच्या आधीचा. घराघरांत साफसफाई निघते आणि माळ्यावरचं सगळं खाली येतं. कापूस दबून गोळे झालेल्या गाद्या, पाय मोडलेल्या खुर्च्या, मुलांच्या दहावीपर्यंतच्या वह्या, बंद पडलेला मिक्सर, जुन्या चपला, मुदत संपलेली औषधं. एरवी ज्या इमारतीतून दोन डबे ओला आणि एखादी गोणी सुका कचरा निघतो, तिथे जिन्याखाली ढीग लागलेला असतो. ढकलगाडीवर एवढं मावत नाही, म्हणून फेऱ्या वाढतात. अकराला संपायचं काम दुपारी दोनपर्यंत लांबतं. आणि ते करणाऱ्या बाईच्या घरी तिची स्वतःची साफसफाई, फराळ, मुलांचे कपडे हे सगळं तसंच पडलेलं असतं.

मी पुण्यात कचरावेचक महिलांबरोबर समन्वयक म्हणून काम करते. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या सभासदांची रोजची घडी बसवायची, सोसायट्यांच्या तक्रारी ऐकायच्या, महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांशी आणि मुकादमांशी बोलायचं, कुणी आजारी पडलं तर बदली शोधायची, असं हे काम. त्यात सणांचं वेळापत्रक लावणं दिसायला किरकोळ. पण वर्षभर दबून राहिलेले सगळे प्रश्न त्या एका कागदावर येऊन उभे राहतात. कचरा किती दिवस थांबू शकतो, थांबला तर कुठे थांबणार, सुटी कुणाला मिळणार आणि त्या सुटीचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे तिथे ठरवावंच लागतं.

पुण्याची रचना इतर शहरांहून थोडी वेगळी आहे. १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव तिच्या उभारणीत होते. त्याच चळवळीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. तेव्हापासून शहराच्या मोठ्या भागात दारातून कचरा उचलण्याचं काम या बायका करत आल्या आहेत. बहुतेक जणी मातंग आणि बौद्ध समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी जणी त्यांत आहेत. दोघींची जोडी साधारण तीनशे घरं सांभाळते. दर घराकडून महिन्याचं ठरलेलं शुल्क त्यांना मिळतं, आणि सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल निवडून भंगारवाल्याला घातला की त्याचे पैसे वेगळे. ओला कचरा ठरलेल्या वेळी फीडर पॉइंटवर महापालिकेच्या गाडीत जातो. एखादी सभासद एक दिवस घरी बसली तर तिचा त्या दिवसाचा माल गेला, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा कचरा एकदम अंगावर आला.

हे काम काही वर्षं केलं की पंचांग न बघता कचऱ्यावरून तिथी सांगता येते. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या. श्रावणात मंगळागौरीची पत्री. गणपतीत दूर्वा, केवडा आणि मोदकांसाठी खोवलेल्या नारळांच्या करवंट्या. दसऱ्याला आपट्याची पानं आणि झेंडू. संक्रांतीला उसाची चिपाडं आणि हळदीकुंकवाच्या वाणातलं प्लास्टिक. अक्षय्यतृतीयेनंतर आंब्याच्या साली आणि कोयी. त्या दिवसांत ओल्याचा डबा एकटीला उचलत नाही.

प्रत्येक सणाच्या कचऱ्याची तऱ्हा वेगळी. झेंडूच्या माळेत ओवलेला दोरा काढल्याशिवाय फुलांचं नीट खत होत नाही, म्हणून निर्माल्य गोळा करताना निम्मा वेळ दोरे, कापराची वेष्टनं आणि प्लास्टिकचे हार वेगळे करण्यात जातो. रांगोळी ही दगडाची भुकटी. ती ओल्या डब्यात गेली की खताच्या खड्ड्यात तशीच राहते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्याने २०१८ साली बंदी आणली, तरी गौरी-गणपती उठले की तो अधूनमधून येतोच. त्याला वजन नाही, पण गाडीतली सगळी जागा तो खातो, आणि त्याला गिऱ्हाईकही मिळत नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपली की लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत निसटलेल्या चपलांचे ढीग गोळा करावे लागतात. शहर तेव्हा जागरणाची झोप काढत असतं आणि सफाईची माणसं रस्त्यावर असतात.

यातली दिवाळी आम्हाला सगळ्यात अवघड जाते, कारण तिचा कचरा सलग पाच-सहा दिवस रोज रूप बदलत येतो. पहिल्या अंघोळीच्या दिवशी उटण्याची पाकिटं, साबणाची वेष्टनं, पायाखाली फोडलेली कारिटं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फटाक्यांचे कागद, तेलाने काळ्या पडलेल्या पणत्या, विस्कटलेल्या रांगोळ्या. मग भेटींचे खोके, चकचकीत कागद, फिती, एका डब्यात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा.

एका वर्षी पाडव्याच्या सकाळी एका जोडीतली एकजण आजारी होती, म्हणून दुसरीबरोबर मी फिरत होते. एका इमारतीच्या दारात मोठी काळी पिशवी बांधून ठेवलेली होती. बाईंनी ती तशीच गाडीत टाकली नाही. कचरा निवडायच्या शेडमध्ये गेल्यावर जमिनीवर पोतं अंथरलं, गाठ सोडली आणि पिशवी हळूच उलटी केली. करंज्यांचा चुरा आणि उरलेला भात, त्यात फुटलेल्या पणत्यांची खापरं. एक फुटका काचेचा ग्लास, कशातही न गुंडाळलेला. बाळाचा डायपर, तोही उघडाच. तुपाने भिजलेला मिठाईचा खोका. आणि या सगळ्याच्या मधोमध एक न उडालेला सुतळी बॉम्ब. बाईंनी तो दोन बोटांनी उचलला आणि बाजूला पाणी भरून ठेवलेल्या डब्यात सोडला. तो डबा त्यांनी सकाळीच भरून ठेवला होता, म्हणजे हे होणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, “ताई, ह्यो गाडीत राहिला आन वरनं कुनी जळती उदबत्ती टाकली, मग?” मग त्यांनी खोका हातात घेतला, दाबून बघितला आणि टाकून दिला. कोरडा असता तर पुठ्ठ्यात गेला असता, पैसे आले असते. आता तो ओल्यातही जात नव्हता आणि सुक्यातही.

ती पिशवी निवडायला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात कचरा वेगळा ठेवणाऱ्या आख्ख्या मजल्याचं काम होतं. शिवाय ती आदल्या रात्रीची होती म्हणून निवडता तरी आली. दोन दिवस थांबली असती तर तिच्यात हात घालता आला नसता.

माझं या विषयातलं सगळं म्हणणं या पिशवीपाशी सुरू होतं. कचरा वेगळा करा हे आपण लोकांना पर्यावरणासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा देणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं, तेही त्याच हेतूने. पण ज्या बाईच्या हातून तो जातो तिच्यासाठी वर्गीकरणाचा अर्थ अगदी रोजच्या जगण्यातला आहे. वेगळा ठेवलेला कोरडा सुका कचरा घरात आठवडाभर निवांत राहतो, त्याला ना वास येतो ना माश्या बसतात. ओला झाकणाच्या डब्यात, पाणी निथळून ठेवला तर एक दिवस, थंडीत दीड-दोन दिवस कळ काढतो. मिसळलेला कचरा मात्र रात्र उलटायच्या आत कुजायला लागतो. म्हणजे ज्या इमारतीत कचरा मिसळून येतो त्या इमारतीच्या बाईला एक दिवससुद्धा सुटी घेता येत नाही. तिची सुटी घराघरांतल्या ओट्याखाली ठरते.

आमच्याकडे सणांच्या सुट्यांची बैठक कोजागिरीच्या आसपास होते. वर्गीकरणाच्या शेडमध्येच गोण्यांवर, उलट्या डब्यांवर बसून. मी वही उघडते आणि कुणाला कोणता दिवस हवा ते विचारते. लक्ष्मीपूजनाला कुणी सुटी मागत नाही. ते संध्याकाळी असतं, सकाळचं काम उरकून घरी जाता येतं. पाडव्याला दोघी-तिघी मागतात. भाऊबीजेला सगळ्याच. सुरुवातीला मी हे गणित सोपं करायला बघायची. जवळ माहेर असलेल्यांनी सकाळी काम उरकून दुपारी निघावं, असं सुचवायची. एकदा एक वयस्कर सभासद म्हणाल्या, “वर्सातनं एकदा भावाच्या दारात जायाचं, ते बी घड्याळ बघत? हाताचा वास जाईस्तोवर सांज व्हती.” बाकीच्या काही बोलल्या नाहीत, पण सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवसापासून भाऊबीजेच्या सुटीचा दिवस आम्ही कुणाचाही अर्धा केला नाही.

मग तोडगा असा निघाला. लांब माहेर असलेल्या, म्हणजे बीड, लातूर, धाराशिवकडच्या, पाडव्याच्या दुपारीच निघतात. त्यांच्या घरांचा ओला कचरा भाऊबीजेला इथलीच एखादी बदली उचलते, ज्यांचे भाऊ वस्तीतच राहतात अशांपैकी. ती बदली त्या दिवशी फक्त ओला घेते. सुका कचरा पाडवा आणि भाऊबीज असे दोन्ही दिवस कुणाकडूनच घेतला जात नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या कामावर येतात आणि तो दोन फेऱ्यांत उचलतात. बदलीला त्या दिवसाचे पैसे मूळ सभासद देते, आणि पुढच्या सणाला ती फेड करते. ही देवाणघेवाण वहीत लिहिली जात नाही, पण चुकत नाही.

सोसायट्यांना सूचना पाठवायची ती बैठक झाल्यावर लगेच, आणि पुन्हा वसुबारसेच्या आदल्या दिवशी. ती लिहिताना मी आता फार शब्द घालत नाही. कोणत्या दिवशी काय उचललं जाईल हे तारखेसह वर. खाली मोजक्या गोष्टी. फटाक्यांचा कचरा बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून मगच द्या. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर तसं लिहा. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पणत्या आणि रांगोळी ओल्यात टाकू नका. मिठाईचा खोका रिकामा करून, तुपाचा कागद काढून, चपटा करून ठेवा. गाद्या, फर्निचर, बिघडलेली यंत्रं साफसफाईच्या पहिल्या आठवड्यातच काढा, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी गाडी लावता येते. ही शेवटची ओळ सगळ्यात कमी पाळली जाते. धनत्रयोदशीच्या सकाळी कुणाच्या तरी दारात कपाट उभं असतंच.

खोका चपटा करण्याबद्दल लोक कधी कधी विचारतात, एवढ्याने काय होणार? त्याचं कारण दिवाळीतल्या भंगाराच्या बाजारात आहे. वर्षात सगळ्यात जास्त पुठ्ठा या दिवसांत निघतो, आणि नेमक्या याच दिवसांत भंगाराची दुकानं बंद असतात. दुकानातले कामगार गावी गेलेले असतात, माल पुढे नेणाऱ्या गाड्या कमी झालेल्या असतात. म्हणजे निवडलेला माल शेडमध्येच ठेवावा लागतो. शेड लहान. उघडे खोके चार गोण्यांत जेवढे बसतील तेवढे चपटे केले की एका गोणीत मावतात. उरलेला माल बाहेर ताडपत्रीखाली ठेवावा लागतो, आणि दिवाळीत अवकाळी सर आली की भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव उतरतो. भेटवस्तूंवरचा चमकता कागद, आतून चांदीसारखा थर असलेली फरसाणाची पाकिटं यांना तर कोरडी असली तरी भाव नसतो. ती गोळा करायला तेवढीच मेहनत, वाहायला तेवढीच जागा. अशा वेष्टनांची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर आहे, असं २०१६ चे प्लास्टिक कचरा नियम सांगतात. ती जबाबदारी पैशांच्या रूपाने शेडपर्यंत पोचली पाहिजे, तरच दिवाळीतली ही मेहनत फुकट जाणार नाही.

आणि जे निवडलं जात नाही ते कुठे जातं, हेही पुणेकरांनी सणात आठवावं. शहरात रोज २,००० टनांहून अधिक कचरा तयार होतो. वर्षानुवर्षं तो उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या कडेला ओतला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, लोकांनी वारंवार आंदोलनं केली. २०१७ साली तिथल्या कचरा डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. त्यानंतर प्रक्रिया केंद्रं वाढली, ओल्या कचऱ्याचा मोठा भाग आता तिकडे जातो. पण प्रक्रियेला वेगळा केलेलाच कचरा लागतो. पाडव्याच्या त्या काळ्या पिशवीसारख्या पिशव्यांवर कुठलंच यंत्र नीट चालत नाही.

सुटीच्या पैशांवरून दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतो. एका सोसायटीच्या कार्यकारिणीने दोन दिवस सुका कचरा घेतला नाही म्हणून महिन्याच्या शुल्कातून तेवढे पैसे कापायचं ठरवलं. मी त्यांना भेटले. समितीतल्या गृहस्थांचं म्हणणं तर्काला धरून होतं, सेवा नाही तर पैसे नाहीत. मी त्यांना एवढंच विचारलं की त्या दोन दिवसांचा सुका कचरा तिसऱ्या दिवशी कुणी उचलला? तो कुठे गेला नव्हता. तो त्याच बायकांनी, वाढलेल्या ओझ्याने, त्याच पैशांत उचलला होता. सुटी घेतल्यामुळे त्यांचं काम कमी झालं नव्हतं, पुढे सरकलं होतं. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि कपात मागे घेतली. पुढच्या वर्षी त्याच सोसायटीने लिफ्टमध्ये वेळापत्रक लावलं आणि खाली स्वतःहून लिहिलं, ‘या दोन दिवसांचं शुल्क कापलं जाणार नाही.’

दिवाळीचं पोस्त हा वेगळा विषय. पोस्त मिळतं, साड्या मिळतात, फराळाची ताटं मिळतात, आणि देणाऱ्यांचा भाव चांगला असतो. सभासदही ते आनंदाने घेतात. पण पोस्त देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतं. सुटी तशी असू नये. पोस्त जितकं मिळेल तितकं गोड, सुटी मात्र ठरलेली हवी, आणि ती सगळ्यांना आधी माहीत हवी.

सुटी ठरलेली असू शकते हे मी पाहिलं आहे. आमच्या भागातल्या एका इमारतीत गच्चीखाली खताच्या टाक्या आहेत. ओला कचरा तिथेच मुरतो, बागेत जातो. सुका तळमजल्यावर खणांत वेगवेगळा ठेवतात, कागदाचा, काचेचा, प्लास्टिकचा आणि कापडाचा. तिथे आम्ही एरवीही सुका कचरा एक दिवसाआड उचलतो. दिवाळीत तर पाडव्यापासून तीन दिवस त्या इमारतीत कुणी जात नाही, आणि कुणाचा फोनही येत नाही. अशी घरं संख्येने वाढली की त्यांच्यामागे असलेल्या सभासदांना एखाद्या बदलीचीही गरज उरत नाही.

पण वेळापत्रकाच्या या कागदावर अजून एक जागा रिकामी आहे आणि ती भरण्यासाठी मी आता जोर लावते आहे. सोसायट्यांच्या लेखी सण म्हणजे गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत. आमच्या सभासदांच्या घरचं वर्ष आणखी काही तारखांवर चालतं. १ जानेवारीला पेरणे फाट्याजवळ भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला जायचं असतं. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, वस्तीत मिरवणूक, नवे कपडे, पोरांना गोडधोड. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर. या दिवशी कुणी सुटी घेतली की सोसायट्यांकडून मी पूर्वी फोनवर ऐकलेलं आहे, “आज काय आहे? आज मावशी का नाही आल्या?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना ती तारीख दिसलेली नसते. पुण्यात राहून ती न दिसणं मला खटकतं. आपल्या दारातून वर्षभर कचरा नेणाऱ्या बाईचा सण कधी असतो हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

म्हणून येत्या वर्षाचं वेळापत्रक आम्ही दिवाळीपुरतं काढणार नाही. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचं एकच पान असेल, त्यात १ जानेवारी आणि १४ एप्रिल या तारखा पाडव्या-भाऊबीजेच्या बरोबरीने छापलेल्या असतील, आणि त्या दिवशी सुका कचरा घेतला जाणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असेल. उन्हाळ्यातल्या १४ एप्रिलला ओला कचरा एक रात्रही थांबत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशीच्या बदल्या आम्ही आतापासून लावतो आहोत. ज्यांच्या घरी त्या दिवशी जयंती नसते अशा सभासद त्या सकाळी येतील, आणि भाऊबीजेला त्यांची फेड होईल. सोसायट्यांकडून आम्हाला एवढंच हवं आहे की ते पान लिफ्टमध्ये लावावं, त्या दिवशी सुका कचरा दारात ठेवू नये, आणि ओल्यात सुका मिसळू नये. इतकं जमलं तर वर्षातले चार-पाच दिवस शेडमधल्या बहुतेक जणी एकत्र सुटीवर असतील, आणि शहराचं काही अडणार नाही.